चित्रातला मणका आणि कमरेतली कळ : वेदनेच्या प्रतिमांकनाविषयी एक प्रस्तावना

वेदना ही वैद्यकातील सर्वांत जुनी तक्रार असली, तरी मोजमापाच्या बाबतीत ती आजही सर्वांत अवघड राहिली आहे. ताप तापमापीवर दिसतो, रक्तातील साखर थेंबभर रक्तातून कळते; वेदनेला मात्र असे बाहेरचे माप नाही, आणि ज्याला ती होते त्या माणसाचे सांगणे हाच तिचा पहिला आणि पुष्कळदा एकमेव पुरावा असतो. वेदनेच्या अभ्यासासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेल्या आणि २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येतही ही अडचण मान्य केलेली आहे. त्या व्याख्येनुसार वेदना हा संवेदना आणि भावना या दोन्हींनी बनलेला अप्रिय अनुभव असून तो ऊतींच्या, म्हणजे शरीराच्या मांस-हाडांच्या, प्रत्यक्ष वा संभाव्य इजेशी निगडित असतो किंवा तशा इजेसारखा भासतो. व्याख्येसोबतच्या टिपांमध्ये माणसाने सांगितलेल्या वेदनेचा आदर केला पाहिजे, असेही स्पष्ट म्हटले आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत शरीराचे आतले चित्र काढण्याची जी साधने निर्माण झाली, त्यांनी या सांगण्याला आधार दिला की त्याची जागा बळकावली, हा प्रस्तुत विषयाचा गाभा आहे.

हा प्रश्न कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्याच्या संदर्भात विचारणे अनेक कारणांनी उचित ठरते. वारणा आणि पंचगंगेच्या खोऱ्यांत पसरलेल्या या तालुक्यात शरीरकष्टाचे इतके भिन्न प्रकार एकत्र नांदतात की वेदनेच्या अभ्यासकाला ते एक समृद्ध क्षेत्रच वाटावे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला आणि त्यानंतर या गावाचे वस्त्रनगरीत रूपांतर झाले. हुपरीत चांदीच्या पैंजणांचा घरोघरी चालणारा व्यवसाय आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्र्या आहेत. आणि उरलेल्या शिवारात ऊस आहे. मागावरचा कामगार एका पाळीत अनेक माग सांभाळतो. ताण्याची तार तुटली की माग थांबवून तो ताणा गुंडाळलेल्या बीमवर कमरेतून झुकतो, हात लांब करून तुटलेले टोक शोधतो, वही आणि फणी या मागाच्या भागांतून ते पुढे ओढून गाठ मारतो आणि सरळ होतो न होतो तोच शेजारच्या मागावरची धोट्यातील कांडी संपलेली असते. बीमच्या हजारो तारा एकेक करून ओवणारे वहिफणी कामगार तासन्‌तास मान खाली घालून बसतात. हुपरीचा कारागीर मांडी घालून, पाठीला पोक काढून बारीक कड्या जोडतो. आणि उसाच्या फडातली बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढते. या सर्वांची कंबर, मान आणि गुडघे वेगवेगळ्या कारणांनी दुखतात. परंतु दुखणे बळावले की त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती शेवटी एकाच प्रकारची वस्तू पडते, ती म्हणजे मोठ्या पाकिटातली एमआरआयची फिल्म.

त्या फिल्मचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि त्यासाठी १९०१ चे भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. क्ष-किरण हाडे दाखवतात, मात्र नसा, स्नायू आणि मणक्यांमधील गाद्या त्यांना जवळजवळ पारदर्शक असतात. अनेक कोनांतून घेतलेल्या क्ष-किरणांच्या मापनांवरून संगणकाने शरीराचे आडवे छेद रचण्याची पद्धत, म्हणजे सीटी स्कॅन, १९७० च्या दशकात आली आणि तिच्यासाठी गॉडफ्रे हाऊन्सफील्ड व ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले. मऊ ऊती स्पष्ट दाखवणाऱ्या चुंबकीय अनुनाद प्रतिमांकनासाठी, म्हणजेच एमआरआयसाठी, पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना तो मान २००३ मध्ये मिळाला. आज हातकणंगल्याच्या रुग्णाला एमआरआयसाठी फार लांब जावे लागत नाही. एका बाजूला कोल्हापूर आहे, तर त्याच लोहमार्गावर दुसऱ्या बाजूला मिरज आहे. तिथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारल्यापासून दक्षिण महाराष्ट्रातील रुग्णांची रीघ लागलेली आहे.

एमआरआय नेमके काय पाहतो, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या मर्यादा समजत नाहीत. शरीराचा फार मोठा भाग पाण्याचा आहे आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात. यंत्रातील चुंबक सामान्यतः दीड किंवा तीन टेस्ला शक्तीचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहूनही प्रबळ असतो. अशा क्षेत्रात हायड्रोजनची केंद्रके एका दिशेकडे झुकतात, रेडिओलहरींच्या ठोक्याने ती विचलित होतात आणि पूर्वस्थितीत येताना दुर्बळ संकेत सोडतात. वेगवेगळ्या ऊतींमध्ये हे परत येणे वेगवेगळ्या गतीने होते, आणि त्या फरकातून चित्र तयार होते. मणक्यांमधील तरुण गादीत पाणी भरपूर असल्यामुळे ती विशिष्ट प्रकारच्या प्रतिमेत पांढरी दिसते. वयाबरोबर पाणी घटते आणि गादी काळी पडते, चपटी होते, कधी तिची कड बाहेर डोकावते. म्हणजे ही प्रतिमा पाण्याचे वितरण आणि त्यावरून ऊतींची रचना दाखवते. शिवाय ती निजलेल्या, निश्चल शरीराची असते; मागावर झुकताना किंवा मोळी उचलताना त्याच मणक्यांवर काय भार पडतो, हे नेहमीच्या तपासणीत तिच्यात उमटत नाही.

येथूनच या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरू होते. १९९४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कंबरदुखीची कोणतीही तक्रार नसलेल्या ९८ व्यक्तींच्या कमरेचे एमआरआय काढण्यात आले, तेव्हा त्यांच्यापैकी ५२ टक्के व्यक्तींमध्ये किमान एका पातळीवर गादी फुगलेली आणि २७ टक्के व्यक्तींमध्ये ती एका जागी बाहेर आलेली आढळली. पुढे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांतील एकूण ३,११० वेदनारहित व्यक्तींच्या प्रतिमांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या माणसांमध्येही ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरात ९६ टक्के लोकांमध्ये गादीची झीज दिसते, असे निष्पन्न झाले. दुखत नसलेल्या इतक्या पाठींमध्ये जे दिसते, ते दुखणाऱ्या पाठीत दिसले म्हणून तेच दुखण्याचे कारण आहे, असा निष्कर्ष काढणे तर्काला धरून नाही. झीज आणि वेदना यांचा काहीच संबंध नाही, असेही यावरून म्हणता येत नाही. गादीचा तुकडा बाहेर येऊन नेमक्या त्या नसेवर दाबत असेल, पायात जाणारी कळ त्याच नसेच्या वाटेने उतरत असेल आणि तपासणीत त्याच स्नायूची शक्ती कमी भरत असेल, तर चित्र आणि तक्रार एकमेकांना दुजोरा देतात व उपचाराची दिशा निश्चित होते. सगळे मर्म या जुळण्यात आहे.

प्रत्यक्षात मात्र हे जुळवणे पुष्कळदा राहून जाते. अहवालात ‘एल-४, एल-५ पातळीवर डिफ्यूज डिस्क बल्ज’, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील गादी सर्व बाजूंनी फुगलेली, असे शब्द येतात. रुग्णापर्यंत पोहोचेपर्यंत त्यांचे ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आलाय’, ‘नस दबली’ असे रूप होते. आणि त्या दिवसापासून तो माणूस वाकायला, उचलायला, पुढे पुढे तर चालायलाही घाबरतो. ज्या हालचालीने कंबर पूर्वपदावर येण्याची शक्यता असते तीच तो टाळतो, स्नायू दुबळे होतात आणि दुखणे मुरते. अहवालाच्या भाषेत सुधारणा करून हे टाळता येईल का, याचा शोध अमेरिकेत सुमारे अडीच लाख रुग्णांवर घेतला गेला. अहवालाखाली ‘असे बदल वेदना नसलेल्यांमध्येही या प्रमाणात आढळतात’ अशी माहिती जोडण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कण्यासंबंधीच्या एकूण उपचारांमध्ये घट झाली नाही, अफूजन्य वेदनाशामकांच्या वापरात तेवढी किंचित घट झाली. छापील वाक्याची ताकद मर्यादित आहे, हे यावरून दिसते; फिल्म हातात धरून समजावून सांगणाऱ्या माणसाची जागा ते घेऊ शकत नाही.

याचा अर्थ चित्र काढूच नये असा होत नाही. पाठदुखीबरोबर ताप, घटणारे वजन, पायातील शक्ती जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे किंवा कर्करोगाचा पूर्वेतिहास असेल, तर एमआरआयला विलंब करणे हाच गुन्हा ठरेल. भारतात तर मणक्याच्या क्षयरोगाची शक्यता कायम ध्यानात ठेवावी लागते, कारण साध्या क्ष-किरण चित्रात तो हाडाचा बराच भाग पोखरल्यावर दिसतो, तर एमआरआयमध्ये अस्थिमज्जेतील सूज कितीतरी आधी दिसते आणि वेळेवर औषधे सुरू झाली तर पांगळेपण टळते. अशी लक्षणे नसलेल्या साध्या कंबरदुखीत मात्र पहिले काही आठवडे चित्राची घाई करू नये, यावर जगातील बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांचे एकमत आहे.

चित्राचा अर्थ लावण्यात चूक झाली, किंवा चित्र हे धाक घालण्याचे साधन झाले, तर काय घडते याचे महाराष्ट्रातील सर्वांत दुःखद उदाहरण ऊसतोड कामगार स्त्रियांचे आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जाणाऱ्या टोळ्यांमध्ये नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजला जातो आणि एक दिवस खाडा झाला तरी दंड बसतो. ओटीपोटात दुखणे, कंबर धरणे, अंगावरून पांढरे जाणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेक स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढली गेल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने केलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. सोनोग्राफीत गाठ दिसते, पिशवी खराब झाली आहे, पुढे कॅन्सर होईल, असे सांगितले गेल्याचे अनेक स्त्रियांनी त्या काळात माध्यमांना सांगितले. सोनोग्राफी म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून काढलेले चित्र; त्यात दिसणाऱ्या साध्या गाठी, जाड अस्तर किंवा लहान फायब्रॉइड पुष्कळदा निरुपद्रवी असतात, आणि ज्या बाईला दिवसभर ओझे वाहावे लागते, पाण्याशिवाय आणि आडोशाशिवाय पाळी काढावी लागते, तिच्या ओटीपोटातील वेदनेची कारणे त्या पडद्याबाहेरही असतात. तिच्या कामाविषयी कोणी चार प्रश्न विचारले असते, तर त्या चित्राचा अर्थ कदाचित वेगळा लागला असता.

वेदनेचे दुसरे चित्र मेंदूचे आहे. रेने देकार्त यांच्या सतराव्या शतकातील कल्पनेनुसार इजेच्या जागेपासून मेंदूपर्यंत एक सरळ तार जाते आणि ती ओढली की वेदना होते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्ताने ही कल्पना मोडीत काढली. इजेचे संदेश मज्जारज्जूतच अडवले किंवा वाढवले जातात आणि मेंदूकडून खाली येणारे आदेशही त्यात भाग घेतात, असे त्यांनी दाखवून दिले. मेंदूत प्रत्यक्ष काय घडते हे पाहण्याची सोय मात्र नंतर झाली. १९९१ च्या सुमारास, शरीरात सोडलेल्या अल्पकालीन किरणोत्सारी द्रव्याचा माग काढणाऱ्या पेट स्कॅनने वेदनेच्या वेळी मेंदूचे कोणते भाग सक्रिय होतात हे दाखवले. त्याच सुमारास सेइजी ओगावा यांनी शोधलेल्या तत्त्वावर ‘फंक्शनल एमआरआय’ उभा राहिला. ऑक्सिजन सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुण ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे असतात. मेंदूचा एखादा भाग काम करू लागला की तिथे ताज्या रक्ताचा ओघ वाढतो आणि काही सेकंदांनी संकेतात अगदी थोडा फरक पडतो. तो फरक रंगवून दाखवला की मेंदूत दिवे लागल्यासारखे भासते. ते रंग संगणकाने सांख्यिकीच्या आधारे भरलेले असतात आणि चित्रातील प्रत्येक ठिपक्यात लाखो चेतापेशी असतात, हे वाचकाने विसरू नये.

या तंत्राने मिळालेले निष्कर्ष विलक्षण आहेत. २००३ मधील एका प्रयोगात सर्वांच्या त्वचेला सारखेच तापमान दिले असता, ज्यांनी अधिक वेदना सांगितल्या त्यांच्या मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे वरच्या आवरणात, खरोखरच अधिक सक्रियता आढळली. ‘हा उगाच कांगावा करतो’ हा आरोप किती सैल असतो, हे त्यातून कळते. दीर्घकाळ दुखणाऱ्या सांध्यांमुळे मेंदूच्या काही भागांतील करड्या द्रव्यात घट दिसते आणि खुब्याचा सांधा बदलून वेदना थांबल्यावर ती भरून निघते, असेही आढळले आहे. म्हणजे मेंदूतील तो बदल कायमचा नसून पुष्कळसा वेदनेचा परिणाम असतो. २०१२ मध्ये नव्याने कंबरदुखी सुरू झालेल्या रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला असता, भावना आणि मोबदल्याशी संबंधित दोन केंद्रांमधील जोडणी ज्यांच्यात सुरुवातीपासून घट्ट होती त्यांचे दुखणे टिकून राहण्याची शक्यता अधिक दिसली. दुखणे जुनाट होणे हे केवळ कमरेत ठरत नाही, ही गोष्ट कामगारांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी अशी आहे.

औषध आणि अपेक्षा यांच्याविषयीचा २०११ मधील प्रयोग तर या साऱ्याचा कळस म्हणावा लागेल. स्वयंसेवकांना एक प्रभावी वेदनाशामक शिरेतून चालू असताना, औषध आता सुरू होत आहे असे सांगितल्यावर त्याचा गुण जवळपास दुप्पट झाला. औषध बंद केले आहे, आता वेदना वाढेल, असे सांगितल्यावर, मात्रा तीच असूनही, गुण जवळजवळ नाहीसा झाला. हे केवळ सांगण्यापुरते नव्हते, तर वेदनेशी संबंधित केंद्रांच्या प्रतिमांमध्येही ते दिसले. ‘गादी सरकली’ या दोन शब्दांचे वजन किती असते, हे यावरून ताडता येईल. वैद्याने धीर देणे हा उपचाराचाच भाग आहे, ही आपल्याकडची जुनी समजूत आता मेंदूच्या चित्रातही पडताळता येते.

तरीही मेंदूच्या चित्राला वेदनामापक मानता येत नाही. २०१३ मध्ये निरोगी व्यक्तींच्या मेंदूतील सक्रियतेचा एक विशिष्ट आकृतिबंध शोधून काढण्यात आला आणि तो वेदनादायक उष्णता व साधी ऊब यांत नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा अचूक फरक करू शकला. परंतु तो फरक प्रयोगशाळेतील क्षणिक चटक्याचा होता, वर्षानुवर्षांच्या ठणक्याचा नव्हता. शिवाय २०१६ मध्ये जन्मतःच वेदना न जाणवणाऱ्या दोन व्यक्तींची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या मेंदूतही तथाकथित ‘वेदनेचे जाळे’ इतरांप्रमाणेच सक्रिय झाले. म्हणजे त्या जाळ्यातील बरीचशी हालचाल ‘इकडे लक्ष द्या’ एवढेच सांगत असावी. याच कारणांनी वेदनेच्या अभ्यासाच्या वर उल्लेखलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अभ्यासगटाने २०१७ मध्ये असे मत दिले की, एखाद्याला वेदना आहे की नाही हे न्यायालयात सिद्ध करण्यासाठी मेंदूच्या प्रतिमा वापरू नयेत. भारतात कामावरील इजेची कायदेशीर भरपाई मागणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने हा इशारा मोलाचा आहे, कारण चित्र स्वच्छ आले म्हणून दुखणे खोटे ठरवणे जितके सोपे, तितकेच ते अन्यायाचे आहे.

निदानात अशी सावधगिरी आवश्यक असली, तरी उपचारात प्रतिमांकनाने निर्विवाद क्रांती केली आहे. पूर्वी केवळ शरीररचनेच्या अंदाजाने टोचली जाणारी सुई आता सी-आर्म या फिरत्या क्ष-किरण यंत्राखाली किंवा सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत नेमक्या नसेपाशी नेता येते. मणक्याच्या लहान सांध्याकडे जाणारी नस बधिर करून वेदना थांबते का हे आधी पाहता येते आणि थांबली तर रेडिओलहरींच्या उष्णतेने ती नस दीर्घकाळ निष्क्रिय करता येते. चेहऱ्यात विजेसारखी चमक उठवणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियात मेंदूच्या बुडाशी रक्तवाहिनी नसेला भिडलेली एमआरआयमध्ये दिसली, तर शस्त्रक्रियेने त्यांना वेगळे करता येते. येथे चित्र थेट हाताला मार्ग दाखवते.

सोनोग्राफीच्या बाबतीत कोल्हापूर जिल्ह्याला एक वेगळा इतिहास आहे. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली होत्या. पुढे लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी येथील सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे नोंद ठेवणारे उपकरण जोडण्यात आले आणि त्याविरुद्धची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यान्वये प्रत्येक यंत्राची नोंदणी आवश्यक असल्यामुळे, केवळ खांद्याची किंवा मांडीची नस बधिर करण्यासाठी ते वापरणाऱ्या भूलतज्ज्ञालाही तीच नोंदणी करावी लागते आणि यंत्र खेड्यापाड्यांत सहज हलवता येत नाही. मुलींच्या जिवाशी झालेल्या खेळानंतर हे निर्बंध योग्यच आहेत. मात्र वेदनेच्या रुग्णालाच यंत्राकडे जावे लागते, हे त्यांचे अटळ फलित आहे.

जगभरातील वेदनेच्या प्रतिमांकनाचे बहुतेक ज्ञान युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांत तपासलेल्या व्यक्तींवरून मिळालेले आहे, आणि त्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा आहे. बारा तासांच्या पाळीत मागामागून माग फिरणारी कंबर किंवा चार महिने मोळ्या वाहणारी मान त्या नमुन्यांत क्वचितच असते. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रथम महागड्या यंत्राची नव्हे, तर तपासणीच्या चिठ्ठीवर दोन-तीन ओळी अधिक लिहिण्याची गरज आहे. आज अशा चिठ्ठीवर पुष्कळदा ‘एलबीए’, म्हणजे कंबरदुखी, एवढीच तीन अक्षरे असतात. दुखणे कमरेतच थांबते की पायात उतरते, जळजळ होते की ठणकते, वाकताना वाढते की बसल्यावर, रुग्ण किती माग चालवतो आणि कोणत्या बाजूला झुकतो, हे तिथे नोंदले गेले, तर फिल्म वाचणाऱ्या क्ष-किरणतज्ज्ञाला पाच गाद्यांपैकी कोणत्या गादीकडे बारकाईने पाहायचे ते कळेल आणि वयोमानाने झालेल्या बदलांना तो ‘वयोमानानुसार’ असे निःशंकपणे लिहू शकेल. इचलकरंजीच्या इंदिरा गांधी रुग्णालयापासून कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयापर्यंत कोणत्याही बाह्यरुग्ण विभागात हे उद्यापासून सुरू करता येण्याजोगे आहे.